जिना बाहेरूनच

दाराच्या जागी खिडकी होती.

मी गल्लीत उभी राहून वर बघत राहिले. आमचं नवं घर तोवर अर्धंच झालं होतं. खाली प्लॅस्टर झालेल्या भिंती, वर उघड्या विटा. वरच्या खोलीला बाहेरून दार येणार होतं आणि त्या दारापर्यंत बाहेरूनच लोखंडी जिना. जिन्यासाठी घराच्या एका अंगाला आमचीच अरुंद पट्टी होती, पूर्वी तिथे पाण्याची पिंपं असायची. सगळं ठरलं होतं. घर पाडायच्या आधी मी, पप्पा आणि मिस्त्री, आम्ही तिघांनी त्या पट्टीत उभं राहून विटेच्या तुकड्याने जमिनीवर रेघा मारल्या होत्या. आता त्या रेघांवर रेतीचा ढीग पडला होता. आणि वर, जिथे दार हवं होतं, तिथे कमरेएवढ्या विटा रचून खिडकीची चौकट बसवली होती.

आत गेले. स्वयंपाकाच्या ओट्याला लागून, जिथे आईचा फ्रिज यायचा होता, तिथे जिना उभा होता. वेल्डिंग करून, पक्का. वरच्या लादीत, म्हणजे माझ्या खोलीच्या जमिनीत, त्याच्यासाठी चौकोनी भोक ठेवलं होतं. मी खालून त्या भोकातून बघितलं तर माझ्या खोलीचे पत्रे दिसत होते.

म्हणजे माझ्या खोलीला दार नव्हतंच. भोक होतं.

माझं डोकं का फिरलं हे समजायचं असेल तर जुनं घर माहीत असायला हवं. वाकोल्याच्या या गल्लीत मी ज्या एका खोलीत वाढले तिला एकच दार होतं आणि ते सगळ्यांचं होतं. कपडे बदलायचे तर मोरीचा पडदा, तोही आईची जुनी साडी, त्यातून अर्धं दिसायचं. फोनवर बोलायचं तर गल्लीच्या तोंडाशी. दहावीचा अभ्यास पोटमाळ्यावर, मान वाकवून, कारण मान सरळ केली की पंख्याच्या हुकाला डोकं लागायचं. थोरला भाऊ लग्न करून मानखुर्दला गेला, पण इथे होता तोवर तो कधी आला, कधी गेला, कुणी विचारलं नाही. मी मात्र घरात पाऊल टाकलं की पप्पांच्या खाटेवरून आवाज यायचा, "आलीस?" त्यांना दिसत असायचं की आले. तरी विचारायचे. आणि "आले" म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "इतका वेळ?"

मी काम करते ते वस्त्यांतल्या बायकांच्या सार्वजनिक संडासांसाठी. आमची पहिली मागणी काय असते सांगू? आतून कडी. पाणी नंतर, दिवा नंतर. आधी कडी. दार धरून ठेवायला बाहेर मैत्रीण उभी करावी लागते, तिला आत जायचं असेल तेव्हा आपण उभं राहायचं, ही काय रीत झाली? एका साहेबांनी मला विचारलं होतं, "मॅडम, एवढ्याशा कडीसाठी मोर्चा?" हो. एवढ्याशा कडीसाठी मोर्चा. तुमच्या घरात ती फुकट लागते म्हणून तुम्हाला एवढीशी वाटते.

तर कडीसाठी गावभर भांडणाऱ्या बाईला स्वतःच्या घरात स्वतःची कडी नव्हती. घर नव्याने बांधायचं ठरलं तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. वरची खोली माझी, तिला बाहेरून जिना, दाराला आतून कडी. पप्पा सभेत म्हणायचे तसं म्हणाले, "मंजूर."

पप्पा छापखान्यात कामाला होते. वस्तीची सगळी पत्रकं त्यांनीच लिहिली आणि त्यांनीच छापली. पाणी तोडलं, पत्रक. विहाराच्या जागेवर कुणी डोळा ठेवला, पत्रक. मला लिहायला शाळेने नाही, त्यांनी शिकवलं. मागणी पहिल्या परिच्छेदात. विशेषणं कमी. "आम्ही विनंती करतो" कधी लिहायचं नाही, "आम्ही मागणी करतो" लिहायचं. ज्याच्याविरुद्ध लिहितोय त्याला ते दुसऱ्या वाक्यापर्यंत कळलं पाहिजे. एवढं सगळं ज्याने शिकवलं त्याच्या "मंजूर"वर मी विश्वास ठेवला. का नको ठेवू?

मिस्त्री वर विटांवर बसून तंबाखू मळत होता. हा मिस्त्री मूळचा कोकणातला, मालवणकडचा. आमच्या वस्तीतली निम्मी घरं त्याने बांधली आहेत. माणूस वाईट नाही, पण त्याचं प्रत्येक घर एकसारखं असतं, तुम्ही काहीही सांगा.

"काका, हे काय?"

"काय तां?"

"जिना बाहेरून ठरला होता."

"ठरललो." तो शांतपणे म्हणाला. "पण ताई, तो कोपरो ईशान्य. ईशान्येक जिनो चलना नाय. घराचा वाटोळा होता."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"काका, घर कुणाचंय?"

"तुमचा."

"आम्ही कोण?"

त्याने मळलेली तंबाखू एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुमचा वेगळा, माका म्हायत असा. पण दिशा सगळ्यांच्यो सारख्योच ना गो! सूर्य काय तुमच्यासाठी वेगळो उगावता?"

"वास्तू नाही मानत आम्ही! नारळ फोडला का पाया घालताना? लिंबू बांधलं? वंदना म्हटली ना? मग हे ईशान्य कुठून काढलंत तुम्ही माझ्या घरात?"

"तुझ्या बऱ्यासाठीच."

माझ्या बऱ्यासाठी. या दोन शब्दांनी बायकांचं जेवढं वाईट झालंय तेवढं शिव्यांनी झालं नसेल.

आता हे बघा. आमच्या आज्या-आजोबांनी देव नदीत सोडले. गावाकडे वाळीत पडले, तरी सोडले. आमच्या घरात मुहूर्त नाही, पत्रिका नाही, मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजराला हाय करतो. आणि आमच्याच घरात, आमच्या सिमेंटने, एक माणूस आम्हाला न विचारता ईशान्य बांधून ठेवतो? मी तिथेच जाहीर निषेध केला. ऐकायला मिस्त्री होता आणि रेतीवर झोपलेला कुत्रा.

बांधकाम चालू असताना आम्ही दोन गल्ल्या सोडून एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. संध्याकाळी तिथे बसून मी पत्रक लिहिलं. मथळा, "आमच्या घराला ईशान्य नाही!" खाली तर्कशुद्ध, एकेक मुद्दा. वस्तीतल्या किती घरांत मिस्त्री लोक वास्तूच्या नावाखाली न विचारता मोऱ्या हलवतात, दारं फिरवतात, बाईचा ओटा खिडकीपासून लांब नेतात. शेवटी मागणी, जिना ठरल्या जागी हलवा. लिहून झाल्यावर सवयीने पप्पांच्या हातात दिलं.

पप्पांनी चष्मा लावला. नेहमीसारखं बोट प्रत्येक ओळीखाली सरकवत वाचलं.

"मजकूर बराय," ते म्हणाले. "'अंधश्रद्धा' दोनदा आलंय. एक काढ."

"कुठलं?"

"पहिलं. आधी पुरावा दे, मग शिवी."

मी पहिलं काढलं.

"आणि हे 'कळकळीची मागणी'? कळकळ कशाला? मागणी आहे ना, मग मागणी कर."

ते पण काढलं. पप्पांनी कागद परत दिला, चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले. आई भाकऱ्या थापत होती. तिने एकदा आमच्याकडे बघितलं आणि परत तव्याकडे. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. मी खूश होते, की लढाईत पप्पा माझ्या बाजूला आहेत.

पत्रक मी आमच्या अर्ध्या घराच्या भिंतीवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या काकींनी मला गाठलं. काकी म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र, सकाळची आणि संध्याकाळची आवृत्ती.

"वाचलं गं तुझं. काय लिहितेस! झकास."

"थँक्यू काकी."

"पण बाई, एक सांगू? जिना आतूनच बरा."

"का? ईशान्य?"

"मसणात गेली ती ईशान्य. अगं, बाहेरून जिना भाडोत्र्यांना काढतात. घरच्या पोरीला कोण काढतं? लोक म्हणतील, हिला वेगळं काढलं. नाहीतर म्हणतील..." काकींनी वाक्य तिथेच सोडलं. अर्धं वाक्य सोडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

"नाहीतर काय म्हणतील, काकी? बोला की."

"मी कुठे काय म्हणते? लोक म्हणतील."

"लोक म्हणजे कोण? नावं द्या. घरी जाऊन बोलते."

"बघ, लगेच आली अंगावर! म्हणून तर तुझं लग्न..." हेही वाक्य तिथेच.

पण काकींनी सांगितलं ते खोटं नव्हतं. आमच्या वस्तीत जिना वाचता येतो. बाहेरून लोखंडी जिना दिसला की वर भाडोत्री. मालकाचा आणि त्यांचा संबंध फक्त महिन्याच्या सुरुवातीला. जिना आतून असला की वर घरचं माणूस, सून नाहीतर लेक. घरच्या बाईने वर जायचं तर सासऱ्याच्या, बापाच्या, दिराच्या पायांवरून जायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, तरी प्रत्येक मिस्त्रीला पाठ आहे.

तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात दिवा पेटला नाही. मी वास्तूवरच अडून बसले होते. रोज मिस्त्रीशी हुज्जत. मी त्याला विज्ञान सांगायचे, तो मला त्याच्या गावच्या कुठल्याशा घराची गोष्ट सांगायचा, जिथे ईशान्येला जिना केला आणि म्हैस मेली.

"म्हैस कशाने मेली?"

"जिन्यान."

"जिन्यावरून पडली?"

"मस्करी नको करू ताई."

मग लादीवाल्याचा फोन आला.

मोरीच्या लाद्या घेऊन त्याचा टेम्पो निघाला होता आणि त्याला पत्ता सापडत नव्हता. मी फोनवर सांगत होते, हायवेवरून आत वळा, नाक्यावर डावीकडे, मग आमची गल्ली. "माल कुठे उतरवायचा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "घराच्या बाजूला पट्टी आहे तिथे." "कुठल्या बाजूला?" "हायवेच्या बाजूला." फोन ठेवला.

आणि मी तिथेच उभी राहिले.

हायवेच्या बाजूला. वाकोल्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे की हायवे आपल्या पश्चिमेला. हायवेपलीकडे स्टेशन, स्टेशनपलीकडे खार, जुहू आणि समुद्र. आमच्या जिन्याची पट्टी हायवेच्या अंगाला. म्हणजे पश्चिमेला. मग त्या पट्टीचा कोपरा ईशान्य होईलच कसा? ईशान्य म्हणजे पूर्व आणि उत्तर यांच्या मध्ये, एवढं भूगोलात आम्हीही शिकलो होतो. आमचा कोपरा होता पश्चिम आणि उत्तर यांच्या मधला, म्हणजे वायव्य. घराची ईशान्य पार दुसऱ्या टोकाला, शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली, तिथे उंदीरसुद्धा जिना लावणार नाही.

आठवडाभर मी वास्तुशास्त्र कसं थोतांड आहे हे सिद्ध करत होते. दिशा कुठली आहे हे एकदाही तपासलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही घरात हे पहिल्या मिनिटाला पकडलं गेलं असतं, त्यांच्या आज्यांना झोपेतून उठवलं तरी ईशान्य दाखवतील. आम्ही दिशा न मानण्यात इतके पक्के, की आम्हाला कुणीही कुठलीही दिशा विकावी.

पण मिस्त्रीला तर दिशा माहीत होत्या. तो मानणारा माणूस. त्याची चूक होणं शक्य नव्हतं. मी तडक वर गेले.

"काका, हायवे कुठे?"

त्याने हात करून दाखवला.

"म्हणजे पश्चिम. मग हा कोपरा कुठला?"

त्याच्या हातातली थापी थांबली.

"बोला ना. दिशा सगळ्यांच्या सारख्याच ना? कुठला कोपरा?"

"वायव्य," तो हळूच म्हणाला.

"वायव्येला जिना चालतो?"

"चलता."

"मग?"

तो बराच वेळ थापीवरचं सिमेंट घासत बसला. मग म्हणाला, "ताई, माका मधी घालू नको. तुझ्या पप्पांनी सांगल्यानी आतून काढ म्हणून. मी म्हटलंय, पोरगी इचारतली. ते म्हणाले, सांग कायतरी. आता मी काय सांगतलंय? माका आठावला तां सांगलंय."

सांग काहीतरी. आणि या भल्या माणसाने अख्ख्या वस्तीत जे एकच कारण आमच्या घरात चालणार नव्हतं, नेमकं तेच सांगितलं होतं.

मी हसले नाही. आता हसू येतं, तेव्हा नाही आलं. माझ्यापुढे पप्पांचं ते बोट आलं, माझ्या ओळींखाली सरकत जाणारं. आधी पुरावा दे, मग शिवी. स्वतः केलेल्या कामाविरुद्धचं पत्रक त्यांनी सुधारून दिलं होतं. माझी भाषा नीट केली आणि मला चुकीच्या माणसाच्या अंगावर सोडलं.

पप्पा रोज सकाळी नव्या भिंतींना पाणी मारायला यायचे. सिमेंट ओलं ठेवलं नाही तर तडे जातात, म्हणून पाइप घेऊन तासभर भिंती भिजवायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याआधी तिथे जाऊन उभी राहिले. आई मागून चहाचा थर्मास घेऊन आली होती. मी थांबले नाही. मागणी पहिल्या परिच्छेदात.

"पप्पा, जिना बाहेर हवा. तुम्ही आत घ्यायला सांगितलंत, मला कळलंय. तो बाहेर काढा."

पप्पांनी पाइप बंद केला नाही. पाणी भिंतीवरून ओघळत राहिलं.

"मिस्त्रीने सांगितलं?"

"हायवेने सांगितलं."

"काय?"

"सोडा. का केलंत ते सांगा."

"घर आहे. विचार करावा लागतो."

"कसला विचार? काकींचा? आयुष्यभर पोलिसांना घाबरला नाहीत, बिल्डरच्या माणसांना घाबरला नाहीत. काकींना घाबरलात?"

"तोंड सांभाळ."

"तुम्हीच शिकवलंत. दुसऱ्या वाक्यापर्यंत कळलं पाहिजे, कुणाविरुद्ध."

पप्पांनी पाइप खाली टाकला. तो जमिनीवर सापासारखा वळवळत पाणी फेकत राहिला आणि आम्हा दोघांच्या चपला भिजल्या.

"लोकांचं सोड," ते म्हणाले. "तू रात्रीची येतेस मीटिंगवरून. दार वाजतं, तू आलीस हे कळतं, मग मला झोप लागते. बाहेरून जिना असला तर मला काय कळणार? आलीस, नाही आलीस, कुणाबरोबर..."

"हां. कुणाबरोबर."

"तसं नाही म्हणालो मी."

"तसंच म्हणालात. दादाला कधी म्हणालात? तो कुणाबरोबर यायचा?"

"तो मुलगा आहे."

बोलून झाल्यावर ते स्वतःच थांबले. ज्या माणसाने वस्तीतल्या प्रत्येक सभेत समतेवर भाषण केलं, त्याच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडलं होतं आणि आता ते परत आत घेता येत नव्हतं. मला दया यायला हवी होती कदाचित. नाही आली.

"पप्पा, तुमच्या झोपेचं मला वाईट वाटतं. पण तुमच्या झोपेसाठी मी माझं दार देणार नाही. काळजी वाटली तर फोन करा. मी उचलीन. पण मी कधी आले याचा हिशेब तुमच्या खाटेपाशी देऊन वर जायचं असेल, तर ती खोली तुम्ही भाड्याने द्या. मी जाते दुसरीकडे."

"धमकी देतेस?"

"मागणी करतेय. विनंती नाही."

इतका वेळ आई सिमेंटच्या गोणीवर बसून थर्मासच्या झाकणात चहा ओतत होती. ती पप्पांशी चारचौघांत कधी भांडत नाही. आताही तिने आवाज चढवला नाही.

"जागे तुम्ही असता," ती पप्पांना म्हणाली. "उठते मी."

पप्पांना कळलं नाही. मलाही नाही.

"दार वाजलं की तुम्ही खाटेवरून विचारता, आलीस का. कडी काढायला कोण उठतं? तुम्ही सभेहून यायचात तेव्हा मी उठायचे. पोरगा यायचा तेव्हा मी उठायचे. ही येते तेव्हा मी उठते. तुम्ही कुठे होतात, मी कधी विचारलं?"

"तू विचारायला हवं होतंस," पप्पा म्हणाले.

"मला झोप यायची," आई म्हणाली. "गुडघे दुखतात माझे आता. हिला बाहेरून दार द्या, म्हणजे एक तरी उठणं वाचेल. आणि माझा फ्रिज कुठे ठेवू? त्या जिन्यावर?"

तिने चहा पप्पांच्या हातात दिला आणि जाऊन पाइपचा नळ बंद केला. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं, नेहमीसारखं पत्र्यांना घासून, आणि ते जाईपर्यंत आम्ही तिघंही गप्प राहिलो. इथे सगळी भांडणं अशीच मध्ये थांबतात आणि विमान गेलं की पुढे चालू होतात. हे चालू झालं नाही. पप्पांनी चहा संपवला, झाकण झटकलं आणि वर बघून मिस्त्रीला हाक मारली.

"जिना बाहेर घे."

मिस्त्री भोकातून खाली डोकावला. "आता? वेल्डिंग केलंय मी!"

"काप."

"आणि वयली खिडकी?"

"तोड. दार लाव. पहिल्यासारखं."

"ह्या घराक ना," मिस्त्री म्हणाला, "ईशान्येपेक्षा मोठी पीडा असा." माझ्याकडे बघून म्हणाला. मी त्याला हात जोडले.

जिना कापायला वेल्डर आला तेव्हा गल्लीतली माणसं बघायला जमली, ठिणग्या उडतात म्हणून. काकीही दारात. "काय गं, हलवला का शेवटी?" "हो काकी. भाडोत्री यायचीय वर." "कोण?" "मीच." काकींना हे वाक्य अर्धं सोडता आलं नाही, कारण ते पूर्ण होतं.

एका गोष्टीवर पप्पा अडले. जिना निघाल्यावर लादीतलं भोक त्यांना तसंच ठेवायचं होतं. वर जाळी टाकू, म्हणाले, खालून हाक मारता येईल, हवाही खेळेल. हवा! मी म्हटलं, भोक बुजवायचं. ते म्हणाले, जाळीला काय होतंय? मी म्हटलं, पप्पा, ज्या संडासाच्या दाराला भोक असतं त्याला आम्ही दार म्हणत नाही. आई म्हणाली, "हाक मी मारीन, माझा आवाज भिंतीतून जातो." भोक बुजवलं. तेवढ्या चौकोनाची लादी थोड्या वेगळ्या रंगाची आली. दिसते ती. दिसू दे.

पप्पा त्यानंतर माझ्याशी मोजकंच बोलत होते. रागावून नाही, असं ते आईला म्हणाले. मला वाटतं, रागावूनच. मीही माघार घेतली नाही. लोक मला सांगतात, बापाचं मन मोडलंस. अरे, मन मोडायला मी त्यांच्या मनावर जिना बांधला होता का? त्यांनी माझ्या खोलीवर बांधला होता. प्रेम आहे म्हणून दार काढून घ्यायचं, आणि परत मागितलं की प्रेम दाखवायचं, हे मी कुणाच्याही बापाचं चालवून घेणार नाही. माझ्या तर नाहीच.

राहायला आलो त्या दिवशी विहारातून माणसं आली, वंदना झाली, खीर झाली. पाहुणे गेल्यावर पप्पांनी खिशातून नवं कुलूप काढलं. वरच्या दारासाठी त्यांनीच आणलं होतं, चांगल्यातलं. सोबत चाव्या. त्यांनी ते सगळं माझ्या हातात ठेवलं.

मी एक चावी माझ्या पर्सला लावली. एक आईला दिली, तिने ती डब्यात टाकली, बहुतेक परत कधी बघणारही नाही. एक उरली. पप्पा त्या चावीकडे बघत होते.

"ही?" त्यांनी विचारलं.

"ही जास्तीची. माझ्याकडे राहील."

"आणि मला वर यायचं असेल तर?"

"वाजवा," मी म्हटलं. "उघडीन."

त्यांचा चेहरा पडला. मला दिसलं ते. मी चावी पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

त्यानंतर बरेच दिवस ते वर आलेच नाहीत. मग एका रविवारी मी आमच्या संडासांच्या मोर्चाचं पत्रक लिहीत बसले होते, तर बाहेर जिन्यावर पावलं वाजली. हळू, मध्ये थांबत. दारापाशी येऊन थांबली. बराच वेळ काहीच नाही. मला कळत होतं कोण आहे. मी उठले नाही. दार वाजायला हवं होतं.

शेवटी वाजलं. एकदाच, बोटाने.

मी कडी काढली. पप्पा धापा टाकत उभे होते, एक हात कठड्यावर, चष्मा दुसऱ्या हातात. माझ्या वयाएवढ्या वर्षांत या माणसाने मला कधी न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"येऊ का?"

मी मागे वळून खोलीकडे बघितलं. कपडे पसरलेले, कागद पसरलेले, पंखा चालू.

"दोन मिनिटं थांबा," मी म्हटलं, आणि ते थांबले.